लग्न केलं म्हणून व्हर्जिनियात अटक: अमेरिकेतले आंतरवंशीय लग्नबंदीचे कायदे

जेम्सकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर कोणीतरी लिहून गेलं की अमेरिकेत पूर्वी गोऱ्या-काळ्यांची लग्नं 'समाजाला चालायची नाहीत'. तेवढ्यावर विषय सोडून देणं मला पटलं नाही. समाजाला न चालणं वेगळं आणि रात्री दोन वाजता शेरीफ (तिथला स्थानिक पोलीसप्रमुख) बेडरूममध्ये येऊन नवराबायकोला उचलून नेतो हे वेगळं. मी रिचमंडला राहते, हे घडलं त्याच राज्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी. मिल्ड्रेड जेटर काळ्या आणि मूलनिवासी (अमेरिकन इंडियन) अशा मिश्र घरातली. दोघं कॅरोलाइन काउंटीतल्या सेंट्रल पॉइंटचे, आणि त्या भागात गोरे, काळे, मूलनिवासी पिढ्यानपिढ्या शेजारीशेजारी राहायचे, एकमेकांच्या शेतात राबायचे, त्यामुळे ह्या दोघांचं जमलं यात गावाला फार नवल नव्हतं. पण व्हर्जिनियात लायसन्स मिळणं शक्य नव्हतं म्हणून जून १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन डीसीला जाऊन लग्न केलं आणि परत आले. मिल्ड्रेड तेव्हा १८ वर्षांची होती आणि तिला दिवस गेले होते. ११ जुलैच्या मध्यरात्री शेरीफ आणि त्याची माणसं घरात शिरली, तोंडावर बॅटरी मारून रिचर्डला विचारलं की ही बाई कोण, मिल्ड्रेड म्हणाली मी त्याची बायको. भिंतीवर लग्नाचं सर्टिफिकेट लावलेलं होतं ते दाखवलं, तर शेरीफ म्हणाला ते इथे चालत नाही. रिचर्ड एका रात्रीत जामिनावर सुटला, गरोदर मिल्ड्रेडला मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस आत ठेवलं.

बाहेर लग्न करून परत येणं हासुद्धा व्हर्जिनियाच्या कायद्यात वेगळा गुन्हा होता, एक ते पाच वर्षं शिक्षेचा. जानेवारी १९५९ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश लिऑन बझील यांनी एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती २५ वर्षं स्थगित ठेवली, अट अशी की राज्य सोडून जायचं आणि २५ वर्षं दोघांनी एकत्र परत यायचं नाही. म्हणजे आईबापांना भेटायचं तरी एकेकट्यानं. ह्याला तडीपारीच म्हणायचं, दुसरं काय.

वॉशिंग्टनमध्ये त्यांचा जीव रमेना. १९६३ साली मिल्ड्रेडनं ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं, तिथून त्यांना नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू संघटनेकडे पाठवलं, आणि बर्नार्ड कोहेन व फिलिप हर्शकॉप हे दोन अगदी तरुण वकील केसला लागले. १९६५ मध्ये बझीलसाहेबांनी निकाल बदलायला नकार दिला आणि कारण असं लिहिलं की सर्वशक्तिमान देवानं गोरे, काळे, पिवळे, मलाय आणि तांबडे असे वंश निर्माण करून वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, अर्थात ते मिसळावेत अशी त्याची इच्छा नव्हती. हे कोर्टाच्या निकालपत्रात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन साल तपासलं होतं.

१२ जून १९६७ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं कायदा रद्द केला, सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल लिहिला. त्या दिवशी १६ राज्यांत असे कायदे चालू होते. सुनावणीला रिचर्ड गेलाच नाही, वकिलाजवळ निरोप तेवढा दिला की कोर्टाला सांगा, माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे आणि तिच्याबरोबर मला व्हर्जिनियात राहता येत नाही हा अन्याय आहे.

हे सगळं प्रेमकथा म्हणून सांगितलं जातं, आणि ते सुंदरच आहे. पण मला ह्यातला कागदांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लायसन्स देणारा कारकून, जन्मनोंद, वारसा, आडनावांच्या याद्या. लग्न अडवायचं म्हटलं की आधी कोण गोरा आणि कोण काळा हे सरकारला ठरवावं लागतं, आणि एकदा ते ठरवायची सत्ता हातात आली की ती लग्नापाशी थांबत नाही. त्यावर बोलूया का?

कोकणकडा

ताई, वाचनखूण साठवली. एक विचारतो, हे कायदे गुलामगिरी संपल्यावर आले का? म्हणजे आधी गुलामच होते तर लग्नाचा प्रश्न येतो कुठे, असं आपलं माझ्या डोक्यात होतं.

इतिहासवेडा_सांगली

कोकणकडा, नाही हो, गुलामगिरीच्याही मुळाशी हे कायदे आहेत. व्हर्जिनियानं १६६२ साली ठरवलं की मुलाचा दर्जा आईवरून. इंग्लंडात सगळं बापावरून चालायचं, इथं मुद्दाम उलटं केलं, कारण मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर होणारं मूल आपोआप गुलाम, म्हणजे मालकाच्या मालमत्तेत भर. मग अडचण राहिली ती गोऱ्या बाईला गुलाम पुरुषापासून झालेल्या मुलांची, ती ह्या नियमानं स्वतंत्र ठरणार. तिथं लग्नबंदी आली. मेरीलँडनं १६६४ मध्ये कायदा केला की स्वतंत्र इंग्रज बाईनं गुलामाशी लग्न केलं तर नवरा जिवंत असेतो तिनं त्याच्या मालकाची चाकरी करायची आणि मुलं गुलाम. व्हर्जिनियानं १६९१ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं, काळ्या, मिश्र किंवा मूलनिवासी माणसाशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला तीन महिन्यांत वसाहतीतून हद्दपार.

मेरीलँडची एक गोष्ट सांगतो. एलेनॉर बटलर, लोक तिला आयरिश नेल म्हणायचे, लॉर्ड बाल्टिमोरच्या घरची बांधील नोकर. १६८१ साली तिनं चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केलं. बाल्टिमोरनं लग्नाच्या दिवशी तिला बजावलं की तू स्वतःला आणि तुझ्या पुढच्या पिढ्यांना गुलामीत ढकलतेयस, तरी ती बधली नाही. आणि खरोखरच तिची मुलं, नातवंडं, पतवंडं गुलाम म्हणून राबली. १७७० च्या सुमारास तिच्या वंशजांनी आमची मूळ आजी गोरी आणि स्वतंत्र होती म्हणून कोर्टात दाद मागितली, ती केस हरले, पुढच्या पिढीनं परत लढवली आणि १७८७ मध्ये जिंकली. शंभर वर्षं एका लग्नाची शिक्षा भोगली त्या घरानं.

सगळीकडे कायम हेच होतं असंही नाही बरं का. पेनसिल्व्हेनियानं १७८० मध्ये बंदी उठवली, मॅसॅच्युसेट्सनं १८४३ मध्ये, तिथं गुलामीविरोधी लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज करून ती उठवायला लावली.

वकील_धंतोली

छान धागा. मी कायद्याच्या बाजूनं थोडी भर घालतो.

यादवी युद्धानंतर संविधानात चौदावी दुरुस्ती झाली, सर्वांना कायद्याचं समान संरक्षण. मग हे कायदे टिकले कसे? तर १८८३ च्या पेस विरुद्ध अलाबामा ह्या केसमुळे. टोनी पेस काळा, मेरी कॉक्स गोरी, दोघं एकत्र राहायचे म्हणून दोन-दोन वर्षं तुरुंगवास. सुप्रीम कोर्ट एकमतानं म्हणालं की गोऱ्याला आणि काळ्याला शिक्षा सारखीच आहे, मग भेदभाव कुठे आहे? त्याच दोघांनी एकाच वंशाच्या जोडीदाराबरोबर तेच केलं असतं तर शिक्षा कमी होती हे कोर्टानं बाजूला ठेवलं. ह्या एका युक्तिवादावर पुढची ऐंशी वर्षं निघाली. १९६४ मध्ये फ्लोरिडाच्या मॅकलॉफलिन केसमध्ये तो मोडला आणि मग तीन वर्षांनी लव्हिंग.

मधे एक संधी आली होती ती कोर्टानं सरळ घालवली. १९५५, नेम विरुद्ध नेम. चिनी खलाशी आणि गोरी बायको, नॉर्थ कॅरोलायनात जाऊन लग्न केलेलं, व्हर्जिनियाच्या कोर्टानं ते लग्न मुळातच झालं नाही असं ठरवलं. नुकताच शाळांतल्या वेगळेपणाविरुद्धचा ब्राऊन निकाल लागला होता, दक्षिणेत आग लागलेली, म्हणून सुप्रीम कोर्टानं प्रकरण हाती घेतलंच नाही. ते बारा वर्षं आधी मिटलं असतं तर लव्हिंग दांपत्याला अटकच झाली नसती. सोयीची वेळ बघून न्याय देणाऱ्या कोर्टाचा मला मनापासून राग येतो.

दुसरं म्हणजे धागाकर्तीनं वारसा लिहिलंय ते अगदी नेमकं आहे. ह्या कायद्यांखालची कितीतरी प्रकरणं फौजदारी नव्हतीच, दिवाणी होती. नवरा मेला की दीर-पुतणे कोर्टात येणार, बाई काळी होती, लग्नच रद्दबातल, इस्टेट आमची. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई एका सकाळी कोणीच नाही! कधी नवराच ते हत्यार वापरायचा. ॲरिझोनात टूसानच्या जो कर्बीनं १९२१ मध्ये बायकोपासून सुटका हवी म्हणून कोर्टात सांगितलं की मी गोरा आणि ही निग्रो, त्यामुळे आमचं लग्न झालेलंच नाही, सबब पोटगीचाही प्रश्न नाही. तो स्वतः मेक्सिकन वंशाचा, त्याची आई साक्षीला आलेली, आणि न्यायाधीशांनी बायकोचा वंश ठरवला तो तिच्याकडे बघून. वरच्या कोर्टात १९२२ मध्ये तेच कायम झालं.

बे_एरियातली_मीनल

कॅलिफोर्नियाबद्दल मी लिहिते, कारण ह्यात आपले भारतीय लोक थेट येतात आणि ते आपल्याला फारसं माहीत नसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं हजारो पंजाबी शेतमजूर आले, जवळजवळ सगळे पुरुष. १९१७ च्या इमिग्रेशन कायद्यानं आशियातून येणं बंद, त्यामुळे बायकोला आणता येईना आणि गावी गेलं तर परत येता येईना. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं, त्यामुळे जमीनही नावावर घेता येईना. आणि गोऱ्या बाईशी लग्नाला कायदा आडवा. मग इंपीरियल व्हॅलीत, युबा सिटीकडे ह्या लोकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, शेकड्यांनी. आता मेक्सिकन लोक कायद्यानं गोरे! पण काउंटीच्या कारकुनाला दोघांच्या कातडीचा रंग साधारण सारखा दिसला की तो लायसन्स देऊन टाकायचा, एका काउंटीत नाकारलं तर जोडपं दुसरीकडे जायचं. मुलांची नावं होजे सिंग, मारिया राय अशा पद्धतीची, घरात पोळीही आणि टॉर्टियाही. शिवाय १९२२ च्या केबल ॲक्टप्रमाणे नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं, ते कलम १९३१ पर्यंत होतं. म्हणजे लग्न करून ती स्वतःच्याच देशात परकी.

ॲरिझोनानं तर १९३१ मध्ये गोऱ्यांनी ज्यांच्याशी लग्न करायचं नाही त्या यादीत 'हिंदू' असाही वंश घातला, त्यात शीख, मुसलमान सगळेच भारतीय आले. आणि कॅलिफोर्नियानं १९३३ मध्ये फिलिपिनो लोकांसाठी 'मलाय' जोडलं. कारण काय, तर साल्वादोर रोल्दान नावाचा फिलिपिनो माणूस कोर्टात जिंकला होता की यादीत 'मंगोलियन' लिहिलंय, मी मलाय आहे. कोर्टात तो जिंकला म्हटल्यावर विधिमंडळानं लगेच यादीच वाढवली.

पण पहिली भिंत पडली तीही इथेच. आंद्रेआ पेरेझ आणि सिल्वेस्टर डेव्हिस, दोघं लॉकहीडच्या कारखान्यात कामाला, लॉस एंजेलिसच्या क्लार्कनं लायसन्स नाकारलं. दोघं कॅथलिक, त्यांच्या वकिलानं मुद्दा काढला की चर्च आमचं लग्न लावायला तयार आहे आणि सरकार अडवतंय, हा धर्मस्वातंत्र्याचा भंग. १ ऑक्टोबर १९४८ ला कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध ३ मतांनी कायदा रद्द केला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? विसाव्या शतकात असा कायदा घटनाबाह्य ठरवणारं ते पहिलं राज्य कोर्ट.

जाता जाता एक मराठी नाव. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर मोठं काम केलं. त्यांनी १९३६ मध्ये जीन सिंडिक ह्या बेल्जियन बाईंशी मेक्सिकोत लग्न केलं. तेच लग्न सीमेच्या ह्या बाजूला, ॲरिझोनात, त्याच वर्षी कायद्यानं रद्दबातल ठरलं असतं.

जेम्सकाठ

मीनल, ही खानखोजेंची जोड माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती, फार छान. वकीलसाहेब, तुमच्या कर्बी केसवरून पुढे.

व्हर्जिनियाचा शेवटचा कायदा १९२४ चा, रेशियल इंटिग्रिटी ॲक्ट. त्यात गोरा म्हणजे ज्याच्यात कॉकेशियन सोडून दुसऱ्या कुठल्याही रक्ताचा मागमूस नाही तो. पण राज्यातली बडी घराणी अभिमानानं सांगायची की आम्ही पोकाहॉन्टस ह्या मूलनिवासी सरदाराच्या मुलीचे वंशज, तिनं १६१४ मध्ये जॉन रॉल्फ ह्या इंग्रजाशी लग्न केलं होतं. मग त्यांच्यासाठी अपवाद, सोळाव्या हिश्शापर्यंत मूलनिवासी रक्त चालेल. त्याच दिवशी सक्तीच्या नसबंदीचा कायदाही सही झाला, २० मार्च १९२४, तोच पुढे १९२७ मध्ये बक विरुद्ध बेल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरला.

हे राबवणारा माणूस वॉल्टर प्लेकर, जन्ममृत्यू नोंदणी खात्याचा प्रमुख, १९१२ ते १९४६. पेशानं डॉक्टर. त्याचं म्हणणं होतं की व्हर्जिनियात खरे मूलनिवासी उरलेलेच नाहीत, मूलनिवासी म्हणवणारे हे सगळे गोऱ्यात घुसू पाहणारे काळे लोक. म्हणून तो सुईणींना धमकीची पत्रं पाठवायचा, जन्मदाखल्यांवर शेरे मारायचा, आणि १९४३ मध्ये तर त्यानं काउंटीवार आडनावांची यादीच काढून सगळ्या कारकुनांना, डॉक्टरांना पाठवली की ही घराणी 'इंडियन' म्हणून नोंदवू नका. चिकाहोमिनी, मोनाकन, रापाहॅनॉक अशा कितीतरी जमाती कागदावरून पुसल्या गेल्या. लोक जिवंत, गावं जागेवर, आणि दप्तरात ते नाहीत. पुढे ह्या जमातींना केंद्राची मान्यता मागताना सलग कागदपत्रं दाखवणं फार जड गेलं कारण कागद प्लेकरनंच फिरवलेले, शेवटी २०१८ मध्ये काँग्रेसनं (अमेरिकी संसदेनं) खास कायदा करून सहा जमातींना मान्यता दिली. लग्नबंदीचा कायदा आणि एका समाजाची ओळख जाणं, हे इतकं थेट जोडलेलं आहे.

आणि जर्मनीत ज्यूंशी लग्नाला बंदी घालणारे १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे करायच्या आधी नाझी कायदेतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या राज्यांचे हे कायदे अभ्यासले होते, जून १९३४ च्या त्यांच्या बैठकीत त्यावर तपशीलवार चर्चा झाली होती. परदेशात अशा विवाहबंदीला तुरुंगाची शिक्षा कुठे आहे हे शोधत ते इथवर आले.

रोखठोक

माहिती चांगली आहे सगळ्यांची, पण मला एक प्रामाणिक शंका आहे. कायदा शेवटी लोकांच्याच मनातलं लिहितो ना? लोकांनाच नको होतं म्हणून कायदे होते, लोक बदलले तसे गेले. आता ९० टक्क्यांवर लोकांना काही हरकत नाही. मग त्याला आजचा वारसा म्हणायचं का इतिहास?

वकील_धंतोली

रोखठोक, आकडे उलटं सांगतात. गॅलप ह्या जनमत चाचणी संस्थेनं १९५८ मध्ये विचारलं तेव्हा फक्त ४ टक्के अमेरिकन अशा लग्नाला अनुकूल. निकाल लागला १९६७ ला, आणि १९६८ मध्ये अनुकूल २० टक्केच. अनुकूल लोक प्रतिकूल लोकांपेक्षा जास्त झाले ते १९९१ च्या पाहणीत. २०२१ मध्ये ९४ टक्के. लोक बदलायची वाट बघितली असती तर मिल्ड्रेड म्हातारी होईतो वॉशिंग्टनात राहिली असती. आधी लग्नं कायदेशीर झाली, मग शेजारात, ऑफिसात, शाळेत अशी घरं दिसायला लागली, मग मनं बदलली. २०१५ पर्यंत नव्यानं लग्न झालेल्यांत १७ टक्के आंतरवंशीय होते, १९६७ मध्ये ३ टक्के.

अटलांटातली_आजी

मी बहुधा फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझी सून आफ्रिकन अमेरिकन आहे आणि तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, अलाबामातल्या. आमचं छान जमतं, फोनवर तासतास बोलतो. त्यांनी मला सांगितलं की सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तरी अलाबामाच्या राज्यघटनेत ते कलम तसंच पडून होतं आणि ते काढायचं की नाही ह्यावर नोव्हेंबर २००० मध्ये मतदान झालं. २००० साली! मी तेव्हा पुण्यात होते, आपण वाय टू के च्या गप्पा मारत होतो. कलम निघालं, पण सुमारे ४० टक्के लोकांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं. विहीणबाई म्हणाल्या, मतदान करून बाहेर आले आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे बघत होते की ह्यातले दहातले चार कोण असतील. रोखठोकजी, तुम्ही वारसा कशाला म्हणायचं विचारलंत, मला वाटतं ती नजर. कलम मेलेलं होतं, त्यानं कोणाला तुरुंगात टाकता येत नव्हतं, पण त्यांना ते घरात साचलेल्या गॅससारखं वाटायचं, दिसत नाही पण खिडकी उघडून झोपावं लागतं.

साउथ कॅरोलायनातही असंच १९९८ मध्ये मतदान झालं होतं.

आणि आपल्या मराठी मंडळींबद्दल एक लिहू का? माझ्या मुलाचं ठरलं तेव्हा गोरी असती तर इतकं विचारलं नसतं जितकं ही काळी म्हणून विचारलं गेलं. फोन करून सांत्वन केल्यासारखं बोलणारे नातेवाईक होते. ह्या देशात आपल्याला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं दारं उघडली ती ज्यांच्या लढ्यामुळे उघडली त्यांच्याच मुलीला आपण नाक मुरडतो ह्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

बे_एरियातली_मीनल

आजी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. आणि लव्हिंग केसमध्येच त्याचं उलट उदाहरण आहे. सुप्रीम कोर्टात लव्हिंग दांपत्याच्या बाजूनं जपानी अमेरिकनांच्या संघटनेतर्फे विल्यम मारुतानी हे वकील उभे राहून बोलले. ते स्वतः महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेतच छावणीत डांबले गेलेले. हा आमचाही प्रश्न आहे म्हणून ते आले.

तळेगावकर

सगळ्यांचे प्रतिसाद एका दमात वाचले. ह्यात एक गोष्ट राहिली असं वाटतं. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पंचविशीचा विद्यार्थी. त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीमुळे, बाकी रोटी-पाणी-स्पर्श हे सगळं त्याच्या मागून. आणि ती सक्ती टिकवायची तर 'जास्तीच्या' बाईचं आणि पुरुषाचं, म्हणजे जोडीदार गेलेल्यांचं, काय करायचं ह्यातून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ह्या रूढी आल्या, असं त्यांनी मांडलं. धागाकर्तीनं वर लिहिलंय ना की लग्न अडवायला आधी कोण कोण आहे ते ठरवावं लागतं, मला ते वाचताना हाच निबंध आठवला. बाबासाहेब हे लिहीत होते तेव्हा अमेरिकेच्या निम्म्याहून जास्त राज्यांत लग्नबंदी होती, आणि ते राहत होते त्या न्यूयॉर्क राज्यात मात्र कधीच नव्हती.

रोखठोक

तळेगावकर, इथं मात्र माझा आक्षेप आहे आणि तो नीट ऐकून घ्या. जात आणि वंश एका मापात मोजू नका. अमेरिकेत सरकारनं तुरुंगात टाकलं, आपल्याकडे इंग्रज असो की स्वराज्य, आंतरजातीय लग्नासाठी सरकारनं कोणाला तुरुंगात टाकलं नाही.

वकील_धंतोली

तुरुंग नव्हता हे बरोबर, आणि फरक महत्त्वाचाच आहे. पण कायदा तटस्थ होता असंही नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या हिंदू कायद्यात वरच्या वर्णाची बाई आणि खालच्या वर्णाचा पुरुष हे प्रतिलोम लग्न कोर्टात टिकायचं नाही, उलट अनुलोम, म्हणजे वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची बाई, हे मुंबई हायकोर्ट मान्य करायचं. इथंही बाईच्या बाजूनंच कुंपण जास्त उंच, मेरीलँडच्या कायद्यासारखं. १८७२ च्या कायद्यानं नोंदणी लग्न करायचं तर आम्ही कुठलाच धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे, १९२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नाला मान्यता देणारा कायदा आपल्या संस्थानापुरता केला तो म्हणूनच एवढा मोठा. १९४९ मध्ये सगळ्या देशासाठी कायदा झाला की जात वेगळी म्हणून हिंदू लग्न अवैध ठरणार नाही. आणि आजही स्पेशल मॅरेज ॲक्टखाली ३० दिवसांची नोटीस ऑफिसात लागते, ती वाचून कोण कोणाच्या घरी जाऊन पोचतं हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत पाहिलंय. तिथं शेरीफ नसतो, मामा-काका असतात. दोन्हीकडे जोडप्याला गाव सोडावं लागतं.

न्यूजर्सीचा_नाना

आमच्या न्यूजर्सीतही असा कायदा कधी नव्हता. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, व्हर्मॉन्ट वगैरे धरून एकूण नऊच राज्यं अशी आहेत. पण रद्द झालेले कायदे परत येणार नाहीत असं लोकांना वाटत नाही हेही खरं, डिसेंबर २०२२ मध्ये जो विवाहसन्मान कायदा झाला त्यात समलिंगी लग्नांबरोबर आंतरवंशीय लग्नांचं संरक्षणही मुद्दाम लिहिलंय.

जेम्सकाठ, लव्हिंग कुटुंबाचं पुढे काय झालं ते सांगा ना. आणि व्हर्जिनियात आता फॉर्मवर वंश विचारतात का?

जेम्सकाठ

नानाकाका, निकालानंतर ते सेंट्रल पॉइंटलाच राहिले, रिचर्डनं स्वतःच्या हातानं घर बांधलं. १९७५ मध्ये एका दारुड्या ड्रायव्हरनं त्यांच्या गाडीला ठोकलं, त्यात रिचर्ड गेला आणि मिल्ड्रेडचा एक डोळा गेला. तिनं परत लग्न केलं नाही, मुलाखती फार दिल्या नाहीत. २००७ मध्ये निकालाला ४० वर्षं झाली तेव्हा तिच्या नावानं निवेदन आलं, त्यात समलिंगी जोडप्यांनाही लग्नाचा हक्क असायला हवा असं स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती वारली.

फॉर्मबद्दल: २०१९ पर्यंत व्हर्जिनियात लग्नाच्या लायसन्ससाठी वंश लिहिणं सक्तीचं होतं! तीन जोडप्यांनी नकार दिला आणि केस केली. एका काउंटीत तर निवडायला दिलेल्या यादीत 'आर्यन', 'मुलाटो' (गोऱ्या-काळ्यांचं मिश्र), 'ऑक्टोरून' (एक अष्टमांश काळा) असे शब्द होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय कोर्टानं ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. माझ्या ओळखीत एका मराठी मुलीचं त्याआधी इथं लग्न झालं, तिनं तो रकाना भरलाय, आणि आपण काय भरतोय हे तेव्हा तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेचा १९४९ चा मिश्रविवाहबंदी कायदा इथं घेतला नाही, तो १९८५ पर्यंत होता आणि तिथल्या भारतीयांचाही त्यात मोठा भाग आहे. त्यावर वेगळा धागा काढते. डर्बनला किंवा जोहान्सबर्गला राहिलेलं कोणी इथं असेल तर कृपया विपू (खाजगी निरोप) करा, तिथल्या नोंदणीच्या कागदांबद्दल मला विचारायचं आहे.